नखांतली माती

पाऊस सरून पंधरवडा झाला होता. गवताचे शेंडे पिवळे पडू लागले होते, पण बुडाशी माती अजून ओली होती. ऑक्टोबरातल्या अशा एका दुपारी रस्त्याच्या कडेला चार-पाच जणांचं कोंडाळं जमलं होतं. मधोमध जमिनीवर लाल ओढणी पसरलेली आणि ओढणीवर एक घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, शॅमेलिऑन. रस्त्यावर सापडला म्हणून कुणीतरी उचलून आणलेला. ‘आता लाल होतो बघ,’ म्हणत सगळे वाकून बघत होते. लाल काही झाला नाही. मग ओढणी गेली आणि निळा टॉवेल आला, टॉवेल गेला आणि पांढरा रुमाल आला. आणला तेव्हा त्याच्या पिवळट हिरव्या अंगावर थोडे गडद ठिपके होते. प्रत्येक नव्या कापडागणिक ते पसरत गेले, एकमेकांत मिसळले आणि शेवटी सगळं अंग ओल्या कोळशासारखं झालं. तोंड उघडून तो फुसफुसत होता, गळ्याची पिशवी फुगली होती. ‘बिघडलाय हा,’ म्हणून मंडळी पांगली. मागे राहिलेल्या एका शाळकरी पोराने वाळकी काटकी त्याच्या छातीपुढे धरली, तो तिच्यावर चढला आणि पोराने त्याला जवळच्या बाभळीवर सोडलं.

वाईट असं काही घडलं नाही. तरी दोन गोष्टी राहून राहून आठवतात. एक तो काळा रंग. आणि दुसरी, काटकी पकडताना दिसलेली: पुढच्या पायांच्या नखांत गच्च बसलेली माती.

झाडावर जगणाऱ्या प्राण्याच्या नखांत माती यावी कुठून? घोयऱ्याचं शरीर बघितलं की हा प्रश्न आणखीच टोचतो. कारण त्याचा एकही अवयव जमिनीसाठी घडलेला नाही. पाल भिंतीला चिकटते, बागेतला सरडा नखांनी खोडावर सरसर चढतो, घोयरा मात्र फांदी धरतो. अगदी आपण मुठीत काठी धरतो तशी. त्याच्या प्रत्येक पायाला पाच बोटं, पण ती सुटी नसतात. पुढच्या पायाची आतली तीन बोटं एका जुडीत आणि बाहेरची दोन दुसऱ्या जुडीत. मागच्या पायाचं नेमकं उलट, आतली दोन, बाहेरची तीन. दोन जुड्या समोरासमोर आल्या की चिमटा तयार होतो. पेन्सिलीएवढ्या जाड काटकीवर हा चिमटा असा बसतो की वाऱ्याने झाड घुसळलं तरी सुटत नाही. म्हणूनच घोयऱ्याला फांदीवरून ओढून काढणं ही सगळ्यात वाईट चूक. तो सोडत नाही, ओढणारा थांबत नाही, आणि मग नख उपटतं किंवा बोटाचा सांधा दुखावतो. शेपटी हा त्याचा पाचवा हात. पुढे पाय टाकताना ती मागच्या फांदीला वेढा घालून असते आणि पुढची पकड पक्की झाल्यावरच सुटते. पालीची शेपटी तुटून वळवळत राहते आणि नवी फुटते, घोयऱ्याची तशी तुटतही नाही आणि तुटलीच तर पुन्हा येत नाही. इतकं काम असलेला अवयव टाकून देणं त्याला परवडणारच नाही.

आता हेच शरीर सपाट डांबरावर ठेवून बघा. चिमट्यांना धरायला काही नाही, वेढा घालायला काही नाही. दोन्ही बाजूंनी चपटं अंग पानांच्या गर्दीत बाजूने पान वाटतं आणि समोरून केवळ एक रेघ, पण मोकळ्या रस्त्यावर ते नुसतं उंच आणि डळमळीत दिसतं. त्यात त्याची चाल. एक पाय उचलायचा, अर्ध्यात थांबायचं, पुढे झुकायचं, मागे झुकायचं, पुन्हा पुढे. झाडावर ही चाल म्हणजे वाऱ्याने हलणारं पान. पानांत पान मिसळून जातं, वरून बघणाऱ्या शिक्र्याला काही वेगळं जाणवत नाही. रस्त्यावरही तो हीच चाल चालतो, कारण त्याच्याकडे दुसरी नाही. गाडीचा आवाज जवळ आला की पळण्याऐवजी तो थांबतो, अंग फुगवतो. चार पावलांचं अंतर कापायला त्याला कितीतरी मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात चाक येतं.

भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस, लॉरेंटीने १७६८ साली दिलेलं, श्रीलंकेच्या जुन्या नावावरून. गंगेच्या दक्षिणेकडे कोरड्या आणि पानगळीच्या रानांत, काटेरी झुडपांत, शेताच्या कुंपणात तो असतो. काही ठिकाणी त्याला सरडगुहिरा म्हणतात. पूर्ण वाढलेला घोयरा शेपटीसकट फूटभर किंवा त्याहून थोडा मोठा भरतो. डोक्यावर मागे उंचावत गेलेला हाडाचा टोप, पाठीच्या कण्यावर बारीक दातेरी रेघ, हनुवटीपासून पोटापर्यंत पांढुरक्या खवल्यांची दुसरी रेघ.

आणि डोळे. घोयऱ्याची गोष्ट डोळ्यांशी थोडं थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. वरची-खालची पापणी जुळून बारीक खवल्यांचा एक शंकू झालेला असतो आणि त्याच्या टोकाला बाहुलीपुरतं भोक. हा शंकू वर, खाली, मागे, पुढे फिरतो, आणि दोन्ही शंकू आपापल्या मर्जीने फिरतात. एक डोळा तुमच्या बोटाकडे, दुसरा पाठीमागच्या फांदीकडे. शेजारी बसून बघत राहिलं तर सुरुवातीला अस्वस्थ व्हायला होतं, कारण तो आपल्याकडे बघतोय की नाही हे ठरवताच येत नाही. मग समोर कुठेतरी नाकतोडा हलतो. आधी एक डोळा तिथे थबकतो. लगेच दुसराही तिकडे वळतो. मान वळते, अंग सावकाश पुढे सरकतं. इतका वेळ दोन दिशांना भटकणारी नजर एका बिंदूवर येऊन थांबते, आणि पुढे काय होणार ते बघणाऱ्यालाही कळतं.

नेम धरायचा तर अंतर कळलं पाहिजे. माणूस दोन डोळ्यांच्या प्रतिमांतल्या फरकावरून अंतर ताडतो. घोयऱ्याच्या जातकुळीचा हिशेब वेगळा आहे. १९७७ साली लिंडसे हार्कनेस यांनी शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगं बसवली आणि दाखवून दिलं की जीभ कमी-जास्त लांब पडते ती भिंगाने फोकस बदलल्यामुळे. म्हणजे भक्ष्य स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला किती जुळवून घ्यावं लागतं, त्यावरून हा प्राणी अंतर मोजतो. कॅमेऱ्याची लेन्स फिरवून, चित्र स्पष्ट झालं की कड्यावरचा आकडा वाचावा, तसंच. पुढे १९९५ मध्ये ओट आणि शेफेल यांना आढळलं की त्याच्या डोळ्यातलं भिंग किरण एकत्र आणण्याऐवजी फाकवतं. बुबुळाचा पारदर्शक पडदा किरण गोळा करतो आणि आतलं भिंग ते किंचित उधळतं, त्यामुळे डोळ्याच्या मानाने मागच्या पडद्यावरची प्रतिमा मोठी पडते. चण्याएवढ्या डोळ्यात दुर्बिणीची युक्ती!

जिभेबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण बहुतेकांची समजूत अशी की ती गुंडाळी होऊन बसलेली असते. तसं नाही. तोंडाच्या तळाशी एक निमुळती हाडाची सळई असते. जीभ तिच्यावर मोजा चढवावा तशी चढलेली. सळईभोवती स्नायूचं नळकांडं, आणि स्नायू व सळई यांच्यामध्ये लवचिक तंतूंच्या नळ्या, एकीत एक बसलेल्या. घोयरा तोंड किंचित उघडतो, जिभेचा गुबगुबीत शेंडा हळूच ओठांबाहेर येतो, आणि इथे तो क्षणभर थांबतो. या थांबण्यातच सगळी मेख आहे. स्नायू आवळून तंतू ताणले जात असतात, धनुष्याची दोरी ओढावी तसे. मग ते सळईच्या टोकावरून निसटतात आणि जीभ सुटते. शेपटी सोडून शरीराची जेवढी लांबी, त्याहूनही लांब. शेंड्यावरचा चिकट द्राव माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट दाट असल्याचं २०१६ मध्ये मोजलं गेलं. सुटलेली जीभ वाटेत वळत नाही. म्हणून वाऱ्यात पान हललं की नेम चुकतो, आणि घोयरा ती लोंबती, ओली जीभ पुन्हा सळईवर चढवत राहतो. या आत घेण्याला मात्र स्नायूचंच बळ लागतं. अँडरसन आणि डेबन यांनी २०१० मध्ये थंड आणि उबदार हवेत दोन्ही क्रिया मोजल्या. तापमान १० अंशांनी उतरल्यावर जीभ फेकण्याचा जोर २० टक्क्यांच्या आतच घटला, आत ओढण्याचा मात्र ४० टक्क्यांहून अधिक. ताणलेल्या रबराला थंडीचं फारसं काही वाटत नाही, स्नायूला वाटतं. त्यामुळे बागेतला सरडा ऊन खात बसलेला असतो तेव्हा गार अंगाचा घोयरा पहिला किडा टिपू शकतो.

पण ओढणीवर प्रश्न होता रंगाचा.

आपल्या भाषेने या बिचाऱ्याला एक आळ कायमचा चिकटवला आहे. जिथे जाईल तिथला रंग घेणारा, म्हणून बेभरवशाचा. खरं तर घोयरा रंगाने जेवढं उघड बोलतो, तेवढं फार थोडे प्राणी बोलत असतील. त्याच्या त्वचेत रंगाचे थर असतात. वर पिवळ्या रंगद्रव्याच्या पेशी. त्यांच्याखाली ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांनी भरलेल्या पेशी. त्याच्याही खाली मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या काळ्या पेशी, ज्यांचे फाटे झाडाच्या मुळांसारखे पण वरच्या दिशेने गेलेले असतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की प्राणी शांत असताना स्फटिक दाटीवाटीने असतात आणि निळा प्रकाश परततो. निळा आणि वरचा पिवळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो. समोर प्रतिस्पर्धी नर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, परतणारा प्रकाश पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. काळं पडण्याचं काम मेलॅनिनचं. ते पेशीच्या मधोमध गोळा झालेलं असलं की अंग उजळ, फाट्यांतून वर पसरलं की अंग काळं. यात खाली कुठलं कापड आहे याचा हिशेब जवळजवळ नाहीच. ऊन, ऊब, भीती, राग, माज, नकार, झोप, यांचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांच्या अनेक जाती ताडून पाहणाऱ्या २००८ च्या अभ्यासातही हेच निघालं. ज्या जातींना एकमेकांना खुणा करण्यासाठी भडक रंग लागतात, त्याच जास्त रंग बदलतात. भोवतालच्या रंगांची विविधता तिथे फारशी कामाची ठरली नाही.

सकाळी हे फार सुंदर दिसतं. रात्रभर गार पडलेला घोयरा उन्हाला आडवा होतो, अंग अजून चपटं करतो, आणि उन्हाकडची बाजूच तेवढी गडद करतो. दुसरी बाजू हिरवीच. फांदीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी पाहिलं तर एकाला काळपट प्राणी दिसेल आणि दुसऱ्याला हिरवा, आणि दोघांचंही खरं. अंग तापलं की काळी बाजू हळूहळू विरघळते. दोन नर समोरासमोर आले तर अंग उभं पसरून, गळा फुगवून, एकमेकांना आडवे दाखवत ते उजळत जातात. येमेनी शॅमेलिऑनच्या झुंजी मोजून पाहिल्या तेव्हा ज्याचं डोकं अधिक झपाट्याने उजळलं, तो बहुधा जिंकला. आणि हरणारा काळवंडला. काळवंडणं म्हणजे ‘मी मागे सरलो, आता मारू नकोस’. समोरचा हे वाचतो आणि थांबतो.

ओढणीवरचा घोयरा काळा पडत गेला तेव्हा तो हेच सांगत होता. ज्यांना सांगत होता त्यांना ती भाषा येत नव्हती.

रात्री मात्र तो काहीच बोलत नाही. अंधार पडला की घोयरा बारीक फांदीच्या अगदी टोकाशी जातो, शेपटीची गुंडाळी करतो, डोळे आत ओढून शंकू मिटतो, आणि अंगातलं सगळं मेलॅनिन जणू आवरून ठेवतो. फिकट, पांढुरका, जरासा पिवळट. दिवसा ज्या झुडपासमोर तासभर उभं राहून तो सापडत नाही, तिथेच रात्री बॅटरीच्या झोतात तो ठळक उजळतो. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरायची, झोत सावकाश फिरवायचा, दाट मधला भाग सोडून बाहेरच्या शेंड्यांकडे बघायचं, आणि दिसला की झोत बाजूला घ्यायचा. टोकाची फांदी त्याने विचार करूनच निवडलेली असते. साप यायचा तर त्या फांदीवरूनच येणार, आणि तो आला की टोक हलणार. फांदीला हात लावला तर घोयऱ्याला हाच निरोप जातो. मग तो पकड सोडून खाली झेप टाकतो आणि अंधारात जमिनीवर पडून राहतो, मांजरीच्या वाटेत.

पाळायला नेलेल्या घोयऱ्यांचं काय होतं हेही सांगायला हवं, कारण चूक बहुधा प्रेमातूनच होते. खोक्यात हिरवी पानं, वाटीत पाणी, दोन-चार किडे. घोयरा वाटीतलं पाणी पितच नाही. थांबलेलं पाणी त्याला पाणी वाटत नाही. पानावरून ओघळणारा थेंब, दव, पावसाची बुंद, हे त्याचं पाणी. हललं, चमकलं, तरच तो जीभ लावतो. भरलेल्या वाटीशेजारी तो सुकत जातो. डोळ्यांचे शंकू आत बसतात, तोंडातला ओलावा आटतो, नेम धरूनही जीभ नीट सुटत नाही. वर चारी बाजूंनी माणसं दिसत असतात, म्हणून रंग सतत गडद. आठवड्या-दोन आठवड्यांत तो जातो आणि लोक म्हणतात, नाजूक असतो हो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे, पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. पण कायद्याआधी या वाटीचा विचार केला तरी पुरे. काही ठिकाणी तर विषारी समजून त्याला दगडांनी मारतात. त्याला विषदंत नाही, विषाची ग्रंथी नाही. चावलाच तर चिमटा बसतो, एवढंच.

रस्त्यावर दिसला तर काय करायचं ते त्या शाळकरी पोराला न शिकवता कळलं होतं. अंगठ्याएवढी जाड, खरखरीत काटकी घ्यायची. वरून पकडायचं नाही, कारण त्याच्या जगात वरून येतो तो शिकारी. काटकी समोरून छातीपाशी आडवी, किंचित चढती धरायची आणि हात स्थिर ठेवायचा. तो आधी एक पाय ठेवेल, झुलेल, मग दुसरा. शेपटीचा वेढा बसेपर्यंत थांबायचं, वेढा बसण्याआधी उचललं तर तो लोंबकळतो आणि घाबरतो. मग ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात नेऊन काटकी फांदीला टेकवायची. तो आपण होऊन सरकतो.

ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला. हे महत्त्वाचं अशासाठी की घोयरा उगाच जमिनीवर उतरत नाही. नर उतरतो तो जोडीदाराच्या शोधात, झाडांमध्ये अंतर पडलं म्हणून. मादी उतरते ती अंड्यांसाठी.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमाराला, पोट दोन्ही बाजूंना टरारलेली मादी झाड सोडते. कातडीखाली अंड्यांचे उंचवटे बोटाला नाही तरी डोळ्याला जाणवतात. नराच्या शेपटीचं मूळ जाड असतं, तिचं निमुळतं. नर जवळ आला तर ती काळी पडते, तोंड वासते, डोलते. आता नको, हे ती अंगभर लिहून दाखवते. फांदी धरण्यासाठी घडलेल्या चिमट्यांनी ती माती उकरायला लागते. पुढच्या पायांनी खरडायचं, मागच्यांनी मागे लोटायचं. ऑक्टोबर सोयीचा असण्याचं कारण मातीत आहे. पावसात अंडी बुडायची, उन्हाळ्यात जमीन दगड व्हायची. आता वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि चार बोटांखाली ओल टिकलेली. मूळ लागलं, दगड लागला, कोरडं लागलं, किंवा कुणी फार जवळ आलं, की ती खड्डा सोडते आणि दुसरीकडे पुन्हा सुरुवात करते. जमल्यावर ती पूर्ण आत जाते, १० ते ३० अंडी घालते, माती ओढून घेते, पायांनी दाबते. या कामाला कित्येक तास जातात. बाहेर येते तेव्हा ती रिकाम्या पिशवीसारखी झालेली असते, टोपाखालची हाडं दिसतात, आणि झाडावर परतल्यावर आधी पाणी शोधते. अंड्यांकडे पुन्हा बघत नाही. ती मातीच्या हवाली. आणि जिला शेवटपर्यंत जागा मिळत नाही, तिच्या पोटात अंडी अडकून राहतात. असं झालं की बहुतेकदा मादी वाचत नाही.

म्हणून नखांत किंवा नाकावर माती दिसली तर काटकीसुद्धा पुढे करायची नाही. रस्त्याच्या मधोमध असेल तर तेवढं बाजूला करायचं, आणि मग दूर जायचं. दिसेनासं होण्याइतकं दूर, कारण तिचा एक डोळा मागेच असतो.

ओढणीवरच्या त्या काळ्या अंगाची बाजू फुगलेली होती, शेपटीचं मूळ बारीक होतं. बाभळीवर सोडल्यावर ती वर चढली नाही. खालच्याच फांदीवर बसून राहिली, एक डोळा पोराच्या पाठमोऱ्या आकृतीवर आणि एक रस्त्यापलीकडच्या बांधावर. काळा रंग हळूहळू मागे सरत होता, आधी मानेजवळून, मग कुशीवरून. बांधावर गवताच्या बुडाशी, सावलीच्या बाजूला, बोटभर खोल उकरलेला एक खड्डा होता. उपसलेली माती अजून ओली होती.